पाच ब्लेडचं कार्ट्रिज सोडून सेफ्टी रेझर घ्यावा का? मानेवरच्या फोडांसकट सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे, की बरीच वर्षं पाच ब्लेडचं कार्ट्रिज वापरताय, दाढी एकदम गुळगुळीत होते पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मानेवर लाल फोड उठतात, आणि आता कोण म्हणतं ब्रश-साबण आणि एका ब्लेडचा जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर घे, कोण म्हणतं नवीन निघालेला तापणारा किंवा डोकं सगळीकडे वळणारा घे, तर यातलं कामाचं काय आणि नुसती जाहिरात कुठली. मी दुसऱ्यांच्या दाढ्या करण्याचंच काम करतो, वस्तऱ्यावर शिकलो आणि नवीन मुलांना शिकवतोही, तेव्हा जरा लांबण लागेल पण नीट सांगतो.

आधी सरळ उत्तर. हो, तुमच्या मानेसाठी एका ब्लेडचा रेझर बरा. पण रेझर बदलला आणि बाकी सगळं तेच ठेवलं, म्हणजे कोरड्यासारख्या चेहऱ्यावर डब्यातला फेस फासायचा आणि दाबून ओढायचं, तर फोड जाणार नाहीत, उलट पहिल्या आठवड्यात दोन-चार कापलेल्या जागा जास्तीच्या मिळतील.

फोड का येतात ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. मल्टिब्लेड कार्ट्रिजची आयडियाच अशी आहे की पहिलं ब्लेड केस पकडून थोडा वर ओढतं आणि कापतं, तो केस परत खाली बसायच्या आत मागचं ब्लेड त्याला अजून खालून कापतं, मग तिसरं, मग चौथं. त्यामुळे उरलेला खुंट कातडीच्या पातळीच्या खाली जातो, हात फिरवला की काहीच लागत नाही आणि माणूस खूश होतो. आता केस सरळ असेल तर तो आला तसा सरळ वर येईल, पण मानेवरचे केस बहुतेकांचे आडवे किंवा वळणदार असतात, टोक तिरकं कापलेलं आणि टोकदार, तो वर येताना बाजूच्या कातडीत घुसतो, किंवा बाहेर येऊन वळून परत आत शिरतो. शरीर त्याला बाहेरची वस्तू समजतं आणि तिथे सूज येते. कुरळ्या दाढीवाल्यांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो आणि त्यांना मी पाच ब्लेडचं कार्ट्रिज कधीच सुचवत नाही, कितीही भारी असू दे. एक ब्लेड केसाला कातडीच्या बरोबरीने कापून सोडून देतं, संध्याकाळी हाताला किंचित खरखर लागेल पण मान शांत राहील, आणि हा सौदा मला तरी पटतो.

आता नवं-जुनं याबद्दल. दाढीत हाताला तीन कामं करावी लागतात, ब्लेडचा कोन धरायचा, दाब सांभाळायचा आणि ब्लेडच्या पुढची कातडी सपाट ठेवायची. वस्तऱ्यात ही तिन्ही कामं माणसाच्या हातात असतात. गेल्या अडीचशे वर्षांत जेवढे म्हणून शोध लागले त्यातल्या चांगल्या शोधांनी यातलं एखादं काम हाताकडून काढून यंत्राकडे दिलं, बस. नवीन रेझर समोर आला की मी एवढंच बघतो, हा यातलं कुठलं काम स्वतःकडे घेतोय.

फ्रान्समधल्या झां-झाक पेरे नावाच्या कारागिराने अठराव्या शतकातच वस्तऱ्याला लाकडी आडोसा लावला होता, म्हणजे ब्लेड किती खोल जाईल यावर बंधन आलं. १८८० मध्ये अमेरिकेत कॅम्फ बंधूंनी पेटंट घेतलेल्या रेझरमध्ये वस्तऱ्याचाच छोटा तुकडा दांड्याला आडवा बसवलेला असायचा, कोनाचं काम बरंच सोपं झालं पण ते पातं रोज चामड्याच्या पट्ट्यावर घासावं लागायचंच. मग किंग कॅम्प जिलेट आला. त्याची कल्पना होती पातळ पत्र्याचं ब्लेड, वापरा आणि टाका, पण इतक्या पातळ स्टीलला कडक करून धार लावणं ही मोठी अडचण होती आणि ती सोडवली विल्यम निकरसन या इंजिनिअरने, त्याचं नाव फार कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. १९०३ मध्ये त्यांचे फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकले गेले, १९०४ मध्ये पेटंट मिळालं, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या किटमध्ये हा रेझर गेल्यावर घरी स्वतःची दाढी स्वतः करायची सवय पसरली. आज सेफ्टी रेझरमध्ये जे दुधारी ब्लेड घालतो ते अजून त्याच घराण्यातलं आहे, जाडी साधारण ०.१ मिलिमीटर.

पुढचा मोठा बदल रेझरमध्ये नाही, ब्लेडमध्ये झाला. आधीची ब्लेड कार्बन स्टीलची, एक-दोन दाढ्यांत गंजायची. १९६२ च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीचं कोटिंग केलेलं स्टेनलेस ब्लेड बाजारात आलं आणि सगळ्या कंपन्यांना तिकडे वळावं लागलं. माझ्या मते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला दाढीतला सगळ्यात उपयोगी शोध हाच. मग १९७१ ला जिलेटचं दोन ब्लेडचं ट्रॅक टू, १९७७ ला वळणारं डोकं, १९९० ला स्प्रिंगवर बसलेली ब्लेड, १९९८ ला तीन ब्लेड, २००६ ला पाच. यात वळणारं डोकं आणि स्प्रिंग हे खरे शोध आहेत कारण कोन आणि दाब या दोन्हींचा भार त्यांनी उचलला, नवशिक्यालाही सहसा कापत नाही ते त्यामुळेच. तीनच्या पुढे ब्लेड वाढवत नेणं मात्र बऱ्याच कातडींना नको असलेली गोष्ट आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर लोक सगळ्यात कमी वेळ देतात, तो म्हणजे पाणी. दाढीचा कोरडा केस ब्लेडला फार चिवट लागतो. तोच केस पाणी प्यायला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो, आणि पूर्ण पाणी प्यायला त्याला दोन-तीन मिनिटं तरी लागतात. म्हणून अंघोळीनंतर दाढी करा म्हणतात. अंघोळ नंतर असेल तर चेहरा साध्या साबणाने धुवा, तेलकटपणा गेला पाहिजे नाहीतर पाणी केसापर्यंत पोचतच नाही, आणि मग ओल्या चेहऱ्यावरच फेस लावा, पुसू नका. गरमच पाणी पाहिजे असं काही नाही, कोमट चालतं, ज्यांची कातडी लगेच लाल होते त्यांना थंड पाण्यानेही छान दाढी होते, फक्त वेळ थोडा जास्त द्या.

फेसाचं काम त्या पाण्याला केसापाशी धरून ठेवायचं आणि ब्लेडखाली घसरण द्यायची. दाढीच्या साबणात स्टिअरिक ॲसिड, म्हणजे चरबी-तेलातलं एक आम्ल, भरपूर असतं, त्याने फेस दाट आणि टिकाऊ होतो, आणि नुसत्या सोडियमऐवजी पोटॅशियमचा साबणही असल्यामुळे तो पाण्यात पटकन विरघळतो, अंगाच्या साबणाने तसा फेस येत नाही त्याचं कारण हे. डब्यातल्या फोममध्ये हवा जास्त आणि पाणी कमी, दिसायला ढीगभर दिसतो पण बोटाने दाबला की खाली काहीच नसतं.

ब्रशने फेस कसा करायचा ते बघा. ब्रश भिजवून एक-दोनदा हलका झटका, थेंब थेंब गळत राहिला नाही पाहिजे. साबणावर वीस-तीस सेकंद गोल फिरवा, ब्रशच्या टोकांवर जाड चिकट पेस्ट चढली पाहिजे. मग ती चेहऱ्यावर किंवा वाटीत नेऊन फिरवायला लागा आणि मधेमधे ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवून थोडं थोडं पाणी वाढवत जा. इथेच नव्वद टक्के लोक लवकर थांबतात, फेस पांढरा दिसला की झालं असं वाटतं, पण तो अजून कोरडा असतो, मिनिटभरात गालावर सुकायला लागतो आणि ब्लेड अडकतं. अजून पाणी द्या, फिरवा, एका क्षणी फेसाला चकाकी येते, बुडबुडे दिसेनासे होतात आणि घुसळलेल्या दह्यासारखा तो ब्रशवरून संथ खाली वाकतो, तो बरोबर फेस. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी किंवा हवा जास्त झाली, थोडा साबण अजून घ्या. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा, बोटं एकमेकांवरून घसरली पाहिजेत, चिकटायला नको.

आणि एवढं करूनही फेस लगेच विरत असेल तर बहुधा पाणी जड आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट थर तयार करतं आणि साबण फुकट जातो. एक कप डिस्टिल्ड पाणी फक्त फेसासाठी वापरून बघा, फरक लगेच दिसेल, मग कायम काय करायचं ते ठरवा. ब्रशचं म्हणाल तर मी आता नवीन माणसाला सिंथेटिकच सांगतो, गेल्या काही वर्षांत त्यांचे केस इतके मऊ आणि लवचिक झालेत, लवकर वाळतात, भिजत ठेवावे लागत नाहीत. डुकराच्या केसांचा ब्रश आधी भिजवावा लागतो आणि टोकं फुटून मऊ व्हायला काही आठवडे जातात. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा मऊ असतो पण तो घ्यायलाच पाहिजे असं आता मला वाटत नाही.

आता हात. दाढी एक-दोन दिवस वाढली असताना चेहऱ्यावर बोटांची टोकं चारही दिशांनी फिरवून बघा, ज्या दिशेला गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा. गालावर सोपं असतं, खाली. मानेवर जबड्याच्या खाली केस बाजूला जातात, कंठाच्या मण्याच्या आसपास बऱ्याच जणांचे वर जातात, काहींना तिथे चक्क भोवरा असतो, आणि माणूस मान वर करून सगळीकडे खालून वर ओढत असतो, म्हणजे एका भागात सुलटं आणि दुसऱ्यात पूर्ण उलटं. तुमचे फोड कुठल्या भागात येतात ते बघा, तिथेच तुम्ही उलटा हात मारत असाल याची मला जवळजवळ खात्री आहे. पहिला हात केसांच्या दिशेने, परत फेस, दुसरा हात आडवा, आणि मानेवर तिथेच थांबा. उलटा हात गालावर मारायचा तर मारा, मानेवर फोड पूर्ण जाईपर्यंत नको.

सेफ्टी रेझर धरताना डोक्याची वरची टोपी गालाला टेकवा, दांडा कातडीपासून काटकोनात उभा असेल, मग दांडा हळूहळू खाली आणा, ब्लेड जिथे केसाला लागायला लागतं तो तुमचा कोन, ब्लेड आणि कातडीत साधारण ३० अंश. आवाज ऐका, कोन बरोबर असेल तर खुंट कापले जाण्याची बारीक करकर स्पष्ट येते, आवाज गेला की दांडा खूप उभा झालाय किंवा खूप पडलाय. दाब शून्य. कार्ट्रिजमध्ये तुम्ही जो दाब देता तो इथे द्यायचाच नाही, रेझरचं वजन पुरे. दांडा खाली, टोकाकडे धरा म्हणजे दाबावंसं वाटलं तरी नीट दाबता येत नाही. हात छोटे मारा, दोन-तीन सेंटीमीटरचे, आणि एकाच जागेवर फेस नसताना परत रेझर फिरवू नका, नवीन माणसाचं कातडं सोलवटतं ते निम्मं यामुळे.

कुठला रेझर? दुकानदार गॅप सांगतात, म्हणजे ब्लेड आणि खालच्या पट्टीतलं अंतर, पण नुसत्या गॅपवरून रेझर सौम्य की तिखट ते कळत नाही. ब्लेडची धार टोपी आणि पट्टी यांना जोडणाऱ्या रेषेच्या किती बाहेर येते, त्याला एक्स्पोजर म्हणतात, ते जास्त महत्त्वाचं. आणि तिसरी गोष्ट, ब्लेड धारेच्या किती जवळ धरलंय, कारण पातळ ब्लेड जाड केसावर थरथरलं की ओरखडे येतात. इथेच आताच्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनवर बनलेल्या रेझरनी खरी भर घातली. जुने स्वस्तातले रेझर जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात, ब्लेड कधी एका बाजूला जास्त बाहेर कधी दुसऱ्या, मशीनवर कापलेल्या स्टील, ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमच्या डोक्यात तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. हेन्सन नावाची कॅनडातली कंपनी आधी विमान-उपग्रहांचे सुटे भाग बनवायची, त्यांच्या सौम्य मॉडेलमध्ये ब्लेड फक्त ०.०३३ मिलिमीटर बाहेर येतं आणि डोक्याचा आकारच असा आहे की टेकवलं की कोन बसतो. तुमच्यासारख्या कार्ट्रिजवरून येणाऱ्या माणसाला मी हाच प्रकार सांगेन, त्या कंपनीचाच असं नाही, पण सौम्य आणि ब्लेड घट्ट धरणारा. लीफ नावाच्या रेझरमध्ये दुधारी ब्लेडचे अर्धे तुकडे बसवतात, एकापासून तीनपर्यंत, आणि रेझरचं डोकं वळतं, ज्यांना स्वतःचं डोकं किंवा पाय शेव्ह करायचेत त्यांना ते सोयीचं. तुम्ही घेतलात तर एकच ब्लेड घाला.

ॲडजस्टेबल रेझर चांगला असतो पण पहिलाच नको, चूक हाताची की सेटिंगची ते कळत नाही. स्लँट, म्हणजे ब्लेड तिरकं किंवा पीळ देऊन धरणारे, जाड दाट दाढीला सुंदर कापतात, नंतर कधीतरी बघा. दांत्यांची पट्टी असलेले ओपन कॉम्ब बरेच दिवस वाढलेल्या दाढीला उपयोगी. फुलपाखरासारखे दारं उघडणारे दिसायला छान, पण तीन तुकड्यांत सुटणारा साधा रेझर साफ करायला सोपा आणि त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

ब्लेड मात्र चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांची थोडी थोडी आणा. एकाला लोण्यासारखं वाटतं ते दुसऱ्याला ओढतं, यात भांडण्यासारखं काही नाही, दाढी, कातडी आणि रेझर तिन्ही वेगळे असतात. ब्लेड बोथट का होतं यावर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी फार सुंदर काम केलं. स्टील केसापेक्षा साधारण ५० पट कठीण, तरी केसाने ते खराब होतं कसं, तर त्यांना दिसलं की केस ब्लेडला कोनात वाकून लागतो तेव्हा धारेवर जिथे स्टीलची अंतर्गत रचना एकसारखी नाही अशा जागी बारीक टवका उडतो. नुसतं घासून झिजत नाही, टवके उडतात. म्हणूनच हलका हात आणि मऊ केस यांनी ब्लेडही जास्त टिकतं असं मी समजतो. तीन ते सात दाढ्या एका ब्लेडवर ठीक, ओढल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी बदला, दाढी अर्धी झाली असली तरी. ब्लेड टॉवेलने पुसू नका, धारेवरचा निसरडा लेप जातो आणि बोटही कापतं, धुवा आणि झटका.

तापणारा रेझर, २०१९ मध्ये जिलेटने आणला तो, त्यात ब्लेड तापत नाही, ब्लेडच्या पुढची पट्टी ४३ किंवा ५० अंशांपर्यंत तापते. सुखद वाटतं, नाकारत नाही. पण वरच्या तीन कामांपैकी एकही तो करत नाही आणि मागे पाच ब्लेड तीच आहेत, तेव्हा तुमच्या मानेला त्याचा उपयोग नाही. थरथरणाऱ्या रेझरचंही तसंच. वंगणाच्या पट्टीचा उपयोग आहे, पण ज्याचा फेस चांगला त्याला तिची गरज पडत नाही. आणि लोक ट्रिमरला नावं ठेवतात, पण फोड फारच असतील तर मी काही आठवडे ब्लेड पूर्ण बंद करून ट्रिमरच सांगतो, अर्धा-एक मिलिमीटर खुंट राहू द्या, आत अडकलेले केस बाहेर येऊ द्या, मग सेफ्टी रेझर सुरू करा. पू होत असेल किंवा गाठी बसत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, त्यावर घरगुती उपाय करत बसू नका.

वस्तऱ्याबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण सेफ्टी रेझर जमला की पुढे मन तिकडे जातंच. त्याच्यासारखी दाढी नाही, हे मी मनापासून म्हणतो, पण तो रेझर नाही, एक कामच आहे. ५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचा घ्या. दगडावर लावताना पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या ठेवायच्या, पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते, आणि दगडावर धार पुढे जाते तर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे, हे उलटं झालं तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. रोज दाढीआधी पट्टा, आणि दगड काही महिन्यांनी. सलूनमध्ये मात्र बदलत्या ब्लेडचाच वस्तरा पाहिजे आणि नवीन ब्लेड तुमच्या समोर पाकिटातून काढलेलं पाहिजे, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, तेव्हा मागून घ्यायला लाजू नका.

दाढी झाल्यावर थंड पाणी, मग ओली तुरटी हलकी फिरवा. जिथे झोंबेल तिथे तुमचा दाब जास्त पडला, पहिले काही आठवडे तुरटी तुम्हाला बरोबर सांगेल कुठे हात हलका करायचा. अर्ध्या मिनिटाने धुवून टाका, ठेवली तर कातडी ओढली जाते. नंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि फोड आहेत तोवर अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह लांब ठेवा. वापरलेली ब्लेड उघडी कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या एखाद्या बंद डब्याला वर बारीक चीर पाडा, त्यात टाकत जा, भरायला वर्षं लागतात, भरला की चीर ठोकून बंद करा आणि भंगारात धातू म्हणून द्या.